मालट्रक, सायकल आणि न दिसणारा कोपरा

पावसाळ्यात रस्त्यातल्या डबक्यातून सायकल काढून पुढच्या कोरड्या रस्त्यावर आणली, की मागे ओल्या चाकांची रेघ उमटते. सायकल सरळ चालवली, तर दोन्ही चाकांची रेघ जवळजवळ एकच दिसते. आता तीच सायकल डावीकडे वळवा आणि खाली उतरून रेघ नीट पाहा. एका रेघेच्या जागी दोन रेघा दिसतील. मागच्या चाकाची रेघ पुढच्या चाकाच्या रेघेच्या आत, म्हणजे वळणाच्या बाजूला, सरकलेली असेल. पुढचे चाक जिथून गेले तिथून मागचे चाक गेलेले नाही.

हा प्रयोग अगदी साधा आहे. परंतु शहरातील चौकांत मालट्रक आणि सायकल यांचे जे भीषण अपघात होतात, त्यांतील निम्मी गोष्ट या दोन रेघांत सापडते. उरलेली निम्मी प्रकाशाच्या सरळ रेषेत जाण्यात आहे. तुमच्यापैकी अनेक जण सायकलने शाळेत जात असतील. तेव्हा हे भूमिती व भौतिकशास्त्र आज नीट समजून घेऊ.

मागचे चाक आत का येते?

सायकलचे पुढचे चाक हँडलने वळते. मागच्या चाकाची दिशा मात्र सांगाड्याने पक्की केलेली असते. सायकल वर्तुळात फिरत असेल, तर त्या वर्तुळाचा मध्य मागच्या चाकाच्या आसाच्या सरळ रेषेत कुठेतरी असतो. वर्तुळमध्य, मागचे चाक आणि पुढचे चाक हे तीन बिंदू जोडले, की काटकोन त्रिकोण तयार होतो. काटकोन मागच्या चाकापाशी आणि कर्ण पुढच्या चाकाकडे. कर्ण ही काटकोन त्रिकोणाची सर्वांत मोठी बाजू असते. म्हणून पुढच्या चाकाचे वर्तुळ नेहमीच मोठे आणि मागच्याचे लहान असणार.

दोन चाकांमधील अंतर १ मीटर आणि पुढच्या चाकाच्या वर्तुळाची त्रिज्या ३ मीटर धरा. पायथागोरसच्या प्रमेयाप्रमाणे मागच्या चाकाची त्रिज्या ९ वजा १, म्हणजे ८ चे वर्गमूळ, सुमारे २.८३ मीटर येते. फरक फक्त १७ सेंटिमीटरांचा. सायकलस्वाराच्या तो लक्षातही येत नाही.

आता लांब मालट्रक घ्या. पुढच्या व मागच्या आसांमधील अंतर ६ मीटर आणि पुढच्या डाव्या चाकाच्या वर्तुळाची त्रिज्या १० मीटर समजा. १०० वजा ३६ बरोबर ६४. त्याचे वर्गमूळ ८. म्हणजे मागचे डावे चाक पुढच्या चाकापेक्षा तब्बल २ मीटर आतून जाईल! हा आकडा ट्रक बराच वेळ वर्तुळात फिरत राहिला तरचा आहे. चौकातील काटकोनी वळण लवकर संपते, त्यामुळे तेथे फरक काहीसा कमी भरतो. तरी एक सायकलस्वार त्या पट्ट्यात सहज मावतो, हे ध्यानात घ्या. मागे वेगळा जोडलेला ट्रेलर असेल, तर हा पट्टा आणखी रुंद होतो.

ट्रकचा ड्रायव्हर हे जाणतो. मागचे चाक पदपथावर चढू नये म्हणून डावीकडे वळण्यापूर्वी तो ट्रक थोडा उजवीकडे घेतो. मागून येणाऱ्या सायकलस्वाराला वाटते, ट्रक सरळ किंवा उजवीकडे चालला आहे आणि डावीकडे आपल्यासाठी छान जागा झाली आहे. तो त्या जागेत शिरतो. वास्तविक ती जागा ट्रकच्या मागच्या चाकांसाठी राखलेली असते.

संथ, तरीही घातक

अपघात म्हटला की आपल्या मनात भरधाव वेग येतो. या अपघातांत तसे नसते. सिग्नल हिरवा झालेला असतो, थांबलेला ट्रक नुकताच निघालेला असतो आणि त्याचा वेग ताशी १० किलोमीटर, म्हणजे धावणाऱ्या मुलापेक्षाही कमी असतो. मग ड्रायव्हर लगेच थांबत का नाही?

संवेगाच्या अक्षय्यतेचा नियम येथे लावून पाहू. भरलेल्या ट्रकचे वस्तुमान १६,००० किलोग्रॅम आणि सायकलस्वाराचे सायकलीसह ८० किलोग्रॅम धरा. टक्कर होऊन दोन्ही एकत्र पुढे गेले, तर नवा वेग १० × १६,००० ÷ १६,०८० इतका, म्हणजे ताशी सुमारे ९.९५ किलोमीटर होईल. वेगातील घट अर्ध्या टक्क्याची! रस्त्यातल्या लहानशा खड्ड्यानेही याहून मोठा हादरा बसतो. म्हणून ड्रायव्हरला टक्कर झाल्याचे अनेकदा कळतच नाही आणि ट्रक चालत राहतो. स्पर्शाने कळण्याचा मार्ग असा बंद आहे. उरतो तो एकच मार्ग: टक्कर होण्यापूर्वी सायकलस्वार दिसला पाहिजे.

ड्रायव्हरच्या जागेवरून

आपल्याकडे वाहने रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतात आणि ड्रायव्हर उजवीकडे बसतो. सायकलस्वार मात्र रस्त्याच्या डाव्या कडेने जातो. म्हणजे ड्रायव्हरपासून सर्वांत दूरच्या बाजूला तो असतो. ड्रायव्हरला तो किती दिसतो, हे समरूप त्रिकोणांनी काढता येते. वहीवर आकृती काढून हे गणित करा.

ड्रायव्हरचा डोळा जमिनीपासून २.५ मीटर उंच आहे. डाव्या खिडकीची खालची कड १.८ मीटर उंच आहे आणि ती डोळ्यापासून आडव्या अंतराने २ मीटर दूर आहे. (आकडे ट्रकागणिक बदलतील.) डोळ्यातून खिडकीच्या कडेला स्पर्श करून जाणारी रेषा २ मीटर अंतरात ०.७ मीटर खाली उतरते. तिच्या खालचे सारे दाराच्या पत्र्याआड जाते.

सायकलवर बसलेल्या मुलाचे डोके जमिनीपासून दीड मीटरवर आहे. ती रेषा तेवढी खाली येण्यासाठी डोळ्यापासून १ मीटर उतरली पाहिजे. त्यासाठी आडवे अंतर २ ÷ ०.७, म्हणजे सुमारे २.८६ मीटर लागेल. त्यातून खिडकीपर्यंतचे २ मीटर वजा करा. उत्तर ८६ सेंटिमीटर. ट्रकला लागून ८६ सेंटिमीटरांच्या आत असलेल्या मुलाच्या डोक्याचा केसही त्या खिडकीतून दिसणार नाही. ट्रक आणि पदपथ यांच्यामधून वाट काढणारा सायकलस्वार नेमका याच पट्ट्यात असतो. खिडकीतून जमीन दिसायला हवी असेल, तर ती रेषा २.५ मीटर खाली यायला हवी. म्हणजे दारापासून सुमारे ५ मीटरांपर्यंतचा रस्ता दिसतच नाही.

आपल्याकडील ट्रकवर या अडचणीला एक जुना उपाय आहे, तो म्हणजे क्लीनर. तो डाव्या खिडकीतून मान बाहेर काढून पाहतो, दारावर थाप मारतो आणि ‘येऊ द्या, येऊ द्या’ किंवा ‘थांबा’ असे ओरडतो. ट्रकचा डावा डोळाच तो! परंतु ट्रकवर क्लीनर असेलच असे नाही, आणि असला तरी त्याचे लक्ष सतत बाहेर असेलच असेही नाही.

आरसे किती मदत करतात?

तुम्ही म्हणाल, यासाठीच तर आरसे असतात. बरोबर आहे. सपाट आरशात फार थोडा भाग दिसतो, म्हणून ट्रकला बहिर्वक्र आरसे लावतात. आरसा जितका अधिक वक्र, तितका त्यात अधिक परिसर मावतो. पण निसर्ग काही फुकट देत नाही. परिसर अधिक मावला, की प्रत्येक वस्तू लहान दिसणार.

मोठा परिसर दाखवणाऱ्या अशा एका आरशाची वक्रतात्रिज्या ३० सेंटिमीटर समजा. त्याचे नाभीय अंतर त्याच्या निम्मे, १५ सेंटिमीटर. आरशापासून ३ मीटरवर १.७ मीटर उंचीचा सायकलस्वार आहे. आरशाच्या सूत्राने त्याची आभासी प्रतिमा आरशामागे सुमारे १४ सेंटिमीटरवर पडते आणि तिची उंची मूळ उंचीच्या एकविसाव्या भागाएवढी, म्हणजे ८ सेंटिमीटर असते. ड्रायव्हरचा डोळा आरशापासून २ मीटर दूर असेल, तर ही ८ सेंटिमीटरची प्रतिमा त्याला २.१४ मीटरवरून दिसते. गणित पुरे केले, तर असे निघते की ३ मीटरवरचा सायकलस्वार आरशात ४५ मीटर दूर उभ्या असलेल्या माणसाएवढा दिसतो! शंभर मीटरच्या शर्यतीचा पट्टा आठवा. त्याच्या जवळजवळ मध्यावर उभा असलेला मुलगा केवढा दिसतो, त्यावरून कल्पना येईल.

शिवाय मोठ्या ट्रकवर एकाहून अधिक आरसे असतात. ड्रायव्हरला समोरचा सिग्नल, रस्ता ओलांडणारी माणसे आणि हे सर्व आरसे आळीपाळीने पाहावे लागतात. एका आरशातून नजर फिरून पुन्हा त्याच आरशावर येईपर्यंत सायकल काही मीटर पुढे आलेली असते.

आरशातून पाहणे आणि काचेतून प्रत्यक्ष पाहणे यांत किती फरक पडतो, याचा प्रयोग इंग्लंडमधील लीड्स विद्यापीठात झाला. खऱ्या रस्त्यासारखे दृश्य पडद्यावर दाखवणाऱ्या यंत्रात चालकांना बसवण्यात आले. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, प्रत्यक्ष पाहणाऱ्यांच्या तुलनेत आरशांतून पाहणाऱ्यांची प्रतिक्रिया सरासरी ०.७ सेकंद उशिरा झाली. ताशी २४ किलोमीटर वेगाने ०.७ सेकंदात ट्रक ४.७ मीटर पुढे जातो. सायकलच्या लांबीच्या दुपटीहून हे अंतर जास्त आहे.

लंडन शहराने काय केले?

ब्रिटनमध्येही वाहने आपल्यासारखीच डावीकडून चालतात, त्यामुळे तेथील अनुभव आपल्याला थेट उपयोगी पडतो. २०१५ ते २०१७ या काळात लंडनच्या रस्त्यांवर वाहनांनी जे एकूण अंतर कापले, त्यात अवजड मालट्रकांचा वाटा अवघा ४ टक्के होता; परंतु सायकलस्वारांच्या प्राणघातक अपघातांपैकी ६३ टक्के अपघातांत हे ट्रक होते. त्याआधी, नोव्हेंबर २०१३ मध्ये, दोन आठवड्यांत सहा सायकलस्वार ट्रक व बस यांच्याशी झालेल्या अपघातांत मरण पावले होते आणि साऱ्या शहरात हळहळ पसरली होती.

पहिले पाऊल १ सप्टेंबर २०१५ रोजी पडले. साडेतीन टनांहून अधिक वजनाच्या ट्रकांना कडेचे संरक्षक कठडे आणि जवळचा भाग दाखवणारे जादा आरसे असल्याशिवाय शहरात येण्यास मनाई झाली. पुढचे पाऊल अधिक मूलगामी होते. लफबरो विद्यापीठातील संशोधकांच्या मदतीने लंडनच्या परिवहन खात्याने ट्रकांना गुण देण्याची पद्धत ठरवली. ड्रायव्हरला आरशांशिवाय, फक्त काचांमधून, भोवतालचा किती भाग दिसतो हे मोजायचे आणि त्यावरून शून्य ते पाच तारे द्यायचे. आपण वर केलेल्या समरूप त्रिकोणांच्या गणिताचेच हे मोठे रूप.

१ मार्च २०२१ पासून १२ टनांवरील ट्रकला किमान एक तारा आवश्यक झाला. २८ ऑक्टोबर २०२४ पासून ही अट तीन ताऱ्यांची झाली. तेवढे तारे नसतील, तर ट्रकवर सूचना देणारी ठराविक उपकरणे बसवावी लागतात. ज्या प्राणघातक अपघातांत ड्रायव्हरला नीट न दिसणे हे एक कारण म्हणून नोंदले गेले, त्यांची लंडनमधील संख्या २०१८ मध्ये १२ होती. २०२३ मध्ये ती ३ वर आली.

तारे वाढवायचे कसे? आपल्या गणितात परत जा. दाराचा खालचा भाग काचेचा करून खिडकीची कड १.८ ऐवजी १.२ मीटरवर आणली, तर दीड मीटरवरचे डोके दाराला अगदी चिकटून असले तरी दिसते. किंवा सगळी केबिनच ६० सेंटिमीटर खाली आणा, परिणाम तोच. कचरा उचलणाऱ्या काही परदेशी गाड्यांची केबिन बसप्रमाणे खाली आणि मोठ्या काचांची असते, कारण कामगारांना सतत चढउतार करावी लागते. चढण्याच्या सोयीसाठी केलेली रचना सायकलस्वाराचेही रक्षण करते.

कडेचे कठडे

ट्रकच्या पुढच्या आणि मागच्या चाकांमध्ये मोठी मोकळी पोकळी असते. शेजारून जाणाऱ्या सायकलस्वाराचा तोल ट्रकच्या बाजूला गेला, तर तो या पोकळीत पडतो आणि मागची चाके येतच असतात. ही पोकळी लोखंडी पट्ट्यांनी किंवा सपाट पत्र्याने बंद केली, तर पडणारा माणूस त्यावर आपटून बाहेरच्या बाजूला ढकलला जातो. पृष्ठभाग गुळगुळीत असेल, तर घर्षण कमी आणि माणूस ओढला जाण्याची भीतीही कमी. पट्ट्यांच्या फटीत हँडल किंवा पायडल अडकू शकते; म्हणून सपाट पत्रा अधिक चांगला.

मात्र कठड्यालाही मर्यादा आहे. ट्रक सरळ जात असताना तो उत्तम काम करतो. ट्रक वळत असताना कठडा स्वतःच वळणाच्या आत सरकत येतो आणि सायकलस्वाराला पाडू शकतो. त्यामुळे कठडा हवाच, पण दिसण्याची जागा तो घेऊ शकत नाही.

भारतातही मालट्रकांना असे संरक्षक बसवण्याचा नियम आहे. पुढच्या आठवड्यात शाळेच्या वाटेवर, रस्त्याच्या कडेला सुरक्षित उभे राहून, वीस ट्रक पाहा. किती ट्रकांना कडेचे संरक्षक आहेत, किती वाकलेले वा तुटलेले आहेत, याची वहीत नोंद करा.

यंत्राचे कान

काही ट्रकांच्या कडेला श्रवणातीत ध्वनी सोडणारी उपकरणे असतात. ध्वनी सायकलवर आपटून परत येतो. लागलेल्या वेळावरून अंतर कळते. सायकल २ मीटरवर असेल, तर जाऊन येऊन ४ मीटर, आणि सेकंदाला ३४० मीटर वेगाने त्याला सुमारे १२ मिलिसेकंद लागतात. वटवाघूळ याच युक्तीने अंधारात उडते.

अडचण अशी, की विजेचा खांब, पदपथाचा कठडा, उभी मोटार हेही प्रतिध्वनी देतात. दर खांबाला घंटा वाजू लागली, तर ड्रायव्हर तिच्याकडे दुर्लक्ष करू लागतो. लांडगा आला रे आला, या गोष्टीतल्या मुलासारखी त्या उपकरणाची गत होते. म्हणून लंडनच्या २०२४ च्या नियमांनुसार रस्त्यावरच्या स्थिर वस्तूंना उपकरणाने प्रतिसाद देता कामा नये. युरोपीय संघातही जुलै २०२४ पासून विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या मालट्रकला बाजूच्या सायकलस्वाराची सूचना देणारी यंत्रणा सक्तीची आहे.

यांखेरीज ट्रक आणि सायकल एकत्र येऊच नयेत, हाही एक उपाय आहे. डब्लिन शहरात बंदराकडे जाणारा बोगदा सुरू झाल्यावर, २००७ पासून पाच वा अधिक आसांच्या ट्रकांना दिवसा सकाळी ७ ते सायंकाळी ७ पर्यंत मध्यवस्तीत परवान्याशिवाय बंदी करण्यात आली. आपल्याकडेही अनेक शहरांत ठराविक वेळी जड वाहनांना मनाई असते. या वेळांत शाळा भरण्याची व सुटण्याची वेळ येते का, हे शिक्षकांनी जरूर पाहावे.

तुम्ही काय कराल?

ट्रक बदलण्यास वेळ लागेल. तोपर्यंत प्रकाशाचा एक नियम तुमच्या कामाचा आहे. प्रकाशकिरणाचा मार्ग उलटता येतो. ड्रायव्हरच्या डोळ्यापासून आरशामार्गे तुमच्यापर्यंत येणारी वाट आणि तुमच्यापासून त्याच्यापर्यंत जाणारी वाट एकच. म्हणून आरशात तुम्हाला ड्रायव्हरचा चेहरा दिसत नसेल, तर त्यालाही तुम्ही दिसणे शक्य नाही. चेहरा दिसला, तर तो तुम्हाला पाहू शकतो; पाहतोच आहे असे मात्र समजू नका. चौकाजवळ थांबलेल्या किंवा हळू चालणाऱ्या ट्रकच्या डावीकडून कधीही पुढे जाऊ नका. मागेच थांबा. ट्रकच्या नाकाला अगदी लागूनही उभे राहू नका. उंच केबिनमधून तेथलेही काही दिसत नाही.

शिक्षकांसाठी एक प्रयोग सुचवतो. लंडनच्या पोलिसांनी सायकलस्वारांना उभ्या ट्रकमध्ये ड्रायव्हरच्या जागी बसवून बाहेरचे दाखवण्याचे उपक्रम केले. तसे आपल्या शाळेतही करता येईल. ओळखीच्या चालकाला विनंती करून ट्रक मैदानावर आणावा. इंजिन बंद, किल्ली चालकाच्या खिशात आणि चाकांना दगड लावलेले असावेत. एका विद्यार्थ्याने चालकाच्या देखरेखीखाली त्याच्या जागी बसावे; दुसऱ्याने डावीकडे सायकल घेऊन उभे राहावे आणि हळूहळू दूर सरकावे. सायकलस्वाराचे डोके जिथे प्रथम दिसेल, तिथे फक्कीने खूण करावी. पुढे, मागे व बाजूला अशा खुणा जोडल्या, की ट्रकभोवती न दिसणाऱ्या जागेचा नकाशाच जमिनीवर तयार होतो. अंतरे मोजून ती समरूप त्रिकोणांच्या गणिताशी ताडून पाहावीत.

प्रयोग संपल्यावर ट्रकच्या चालकालाही खाली बोलावून ती रेघ दाखवा. रोज त्या जागेवर बसूनही ती त्याने कधी पाहिलेली नसेल.